उद्या थांबावं लागलं तरी वाजली पाहिजे

प्रश्न : माझे मामा तरुणपणी एका हौशी बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. ते गेल्यावर त्यांची गिटार आमच्याकडे आली आणि वीसेक वर्षं पेटीतच पडून राहिली. मागच्या महिन्यात पेटी उघडली. तारा गंजल्यात, लाल रंग जागोजागी उडालाय. मित्राच्या ॲम्प्लिफायरला जोडून पाहिली तर बटणं फिरवताना खरखर होते आणि दोनपैकी एक पिकअप (तारांची थरथर पकडणारा, तारांखालचा भाग) मुका आहे. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब दांड्याच्या, मागे धातूची पट्टी आहे, तिच्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि ‘मेड इन जपान’ एवढंच लिहिलंय. कंपनीचं नाव कुठेच नाही. एका कारागिराने रंगासकट सगळं नव्यासारखं करून द्यायचा अंदाज दिला, तो माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढा आहे. इकडे कंपनीत माणसं कमी करणार अशी चर्चा आहे. पत्नीला हा आकडा अजून सांगितलेला नाही. आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, म्हणते की एकदा तरी ती वाजताना ऐकायचीय. दुरुस्त करू, विकू, की पेटी पुन्हा बंद करू? मामांचा व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) जुना ॲम्प्लिफायरही आहे, तो सुरू करून बघावा का?

उत्तर : आधी ॲम्प्लिफायरचं सांगतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. तो सुरू करू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पमधले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा सुकून खराब झालेले असतात आणि आतली वीज काहीशे व्होल्टची असते. प्लग काढल्यावरसुद्धा ती कपॅसिटरमध्ये साठून राहू शकते, म्हणजे मागचं झाकण काढून नुसतं बघण्यातही धोका आहे. शिवाय बहुतेक इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारा ब्रिज (तारा धडावर जिथे टेकतात तो भाग), जॅक (केबल घालायची जागा) आणि केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. चासीत वीज उतरली तर ती तारांवर ठेवलेल्या तुमच्या बोटांत येणार. त्या काळच्या कित्येक ॲम्पना दोनच पिनांचा प्लग असायचा, अर्थिंगचा पत्ताच नाही. व्हॉल्व्हची कामं नेहमी करणाऱ्या माणसाने तपासेपर्यंत तो कोपऱ्यात राहू दे. त्याची घाई नाही. गिटार ऐकायला तुमच्या मित्राचा ॲम्प पुरेसा आहे.

आता गिटार. तुम्ही तीन पर्याय लिहिलेत, मी चौथा सुचवतो. काम करा, पण तुकड्यातुकड्याने, आणि असं की प्रत्येक तुकडा संपला की गिटार पुन्हा जोडलेली, सुरात लागणारी, वाजती असेल. नोकरीचं काय होईल ते तुमच्या हातात नाही. उद्या हे काम जिथे असेल तिथे सोडावं लागलं, तर त्या दिवशी तुमच्याकडे एक अख्खी गिटार असली पाहिजे. सुट्या भागांचा डबा नाही.

हे मी स्वतःच्या हाताने नुकसान करून शिकलोय. २००८ साली माझ्याकडे एक जुनी गिटार आली. ती वाजत होती, फक्त दिसायला थकलेली होती. मी पहिल्याच रविवारी ती पूर्ण खोलली आणि रंग खरवडायला बसलो, कारण तेच काम सगळ्यात दिसणारं होतं. दोनेक महिन्यांत मंदीने माझी कामं आटली. घासलेलं उघडं लाकूड, वर्तमानपत्रात गुंडाळलेला नेक आणि एका बरणीत स्क्रू, अशी ती सहा वर्षं माळ्यावर होती. परत जोडायला घेतली तेव्हा कुठली वायर कुठे जाते ते आठवेना, दोन स्क्रू हरवलेले, आणि उघड्या लाकडाने दमट हवा इतकी शोषली होती की नेक त्याच्या खाचेत बसेना. आज ती वाजते. पण तिचा मूळ रंग मी कायमचा घालवला, आणि ज्या काळात मला संध्याकाळी एखादं वाद्य हातात हवं होतं नेमक्या त्याच काळात ते माझ्याकडे नव्हतं. तुमच्या पत्रातला ‘रंगासकट’ हा शब्द वाचल्यावर म्हणूनच थांबलो.

तुमच्या हातात नेमकं काय आहे ते थोडक्यात. ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ अशी पट्टी १९६० आणि ७० च्या दशकांतल्या पुष्कळ जपानी गिटारींवर सापडते. त्या काळात जपानमधले थोडेच कारखाने जगभरच्या दुकानदारांना गिटारी बनवून द्यायचे आणि डोक्यावर नाव ज्याचं त्याचं लागायचं. म्हणून एकाच कारखान्यातली एकच गिटार वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, काही तर बिननावाच्याच. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरातला मात्सुमोकू हा त्यांपैकी एक मोठा कारखाना. शिलाई यंत्रांच्या लाकडी पेट्या बनवता बनवता ते गिटारींकडे वळले आणि १९८७ मध्ये तो बंद झाला. तुमची तिथलीच आहे असं एका पट्टीवरून म्हणता येणार नाही. पण लाकूडकामाची चांगली जाण असलेल्या माणसांनी बनवलेली, त्या वेळी स्वस्तात विकली गेलेली गिटार, एवढं समजून पुढे जायला हरकत नाही.

यातून पैशाचा प्रश्नही बराचसा सुटतो. जुन्या गिटारींच्या मोठ्या किमतींच्या ज्या बातम्या येतात त्या ठरावीक कंपन्यांच्या ठरावीक वर्षांच्या असतात : १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेण्याआधीच्या फेंडर, किंवा पन्नाशीच्या दशकाच्या शेवटच्या गिब्सन लेस पॉल. तो बाजारही शाश्वत नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर तिथले भाव चांगलेच खाली आले होते, आणि गुंतवणूक म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या लोकांच्या हाती लाकूड राहिलं. तुमच्या गिटारीवर दोन महिन्यांचा पगार घातला तर तो विक्रीतून परत येणार नाही, हे धरूनच चाला. खर्च करायचा तो वाजवण्यासाठी आणि आईंना ऐकवण्यासाठी. तेवढ्या कारणासाठी दोन महिन्यांचा पगार लागत नाही.

पहिला रविवार जवळजवळ फुकटात जाईल. उघडण्याआधी आणि उघडताना मोबाइलवर भरपूर फोटो काढा, विशेषतः वायरी कुठून कुठे जातात त्यांचे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका स्क्रूसुद्धा, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवा. काहीही फेकू नका. मग एक साधा मल्टिमीटर मिळवा, मित्राकडून मागून आणला तरी चालेल.

मुक्या पिकअपची तपासणी गिटार न उघडताही होते, आणि ही मला फार आवडते. गिटारला केबल लावा, ॲम्पला जोडू नका. व्हॉल्यूमची बटणं पूर्ण उघडा, स्विच एका पिकअपवर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या बाजूच्या पिनेचं टोक व तिचा दांडा यांच्यामधला रोध मोजा. चांगला पिकअप साधारण ४ ते ९ किलोओहमच्या आसपास आकडा दाखवतो. मग स्विच मुक्या पिकअपवर न्या. मीटरने २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपासचा मोठा आकडा दाखवला तर मीटर पिकअप मोजतच नाहीये, व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) मोजतोय. म्हणजे पिकअपची वाट तुटलीय. ती गुंडाळीत तुटली असेल किंवा तिथून निघणाऱ्या वायरच्या सोल्डरच्या जोडात. अगदी शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि काहीच आकडा येत नसेल तर आधी स्विच आणि जॅकवर संशय घ्या, कारण वर्षानुवर्षं न हललेल्या संपर्कांवर चढलेला थर हे जुन्या गिटार मुक्या होण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

म्हणून काहीही विकत आणण्याआधी स्विच वीसेक वेळा इकडून तिकडे करा, प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढ्याच वेळा फिरवा, केबल जॅकमध्ये अनेकदा घालून काढा. कित्येकदा आवाज तेवढ्यानेच परत येतो. त्याने भागलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीतून थोडासा मारा आणि पुन्हा फिरवा. गंज सोडवायचं घरगुती तेल मारू नका. ते मागे राहतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांत खरखर आधीपेक्षा वाढते.

एवढं करूनही पिकअप बोलला नाही आणि गुंडाळीच तुटलेली निघाली, तरी तो फेकायचा नाही. आतली तांब्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी असते. दमट हवेत तिला कुठेतरी एका ठिकाणी हिरवा गंज चढतो आणि वाट तुटते. मूळ चुंबक आणि मूळ बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) ठेवून ती नव्याने गुंडाळून मिळते. नवा तयार पिकअप बसवणं कधीकधी स्वस्त पडतं, पण त्यासाठी लाकडात मोठी खाच करावी लागणार असेल तर नको. गुंडाळून घेण्याचं काम मात्र सवडीने. एका पिकअपवर गिटार उत्तम वाजते, असंख्य गिटारींना मुळातच एक पिकअप असतो.

तारांवर मात्र आजच खर्च करा. या संपूर्ण कामात इतक्या थोड्या पैशांत इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. कुठल्या जाडीचा संच घ्यायचा हे नेकवर ठरतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्या गिटारीचं भवितव्यच नेकवर ठरतं. रंग, बटणं, पिकअप, सगळं बदलता येतं. पिळा पडलेला नेक सरळ करणं अवघड, महाग आणि अनेकदा निष्फळ असतं. त्या पट्टीवरच्या ‘स्टील रीइन्फोर्स्ड’ या शब्दांनी फसू नका. त्यांचा अर्थ आत पोलादी सळई आहे एवढाच, ती फिरवून ताण कमीजास्त करता येतो असं नाही. नेकच्या डोक्यावर छोटं झाकण आहे का, किंवा नेक जिथे धडाला मिळतो तिथे सळईचा नट दिसतो का, ते बघा. काहीच नसेल तर सळई बहुधा कायमची बसवलेली, न फिरणारी आहे, आणि मग तारा हलक्याच लावायच्या : ९ ते ४२ चा संच. त्याने नेकवरचा ताण कमी राहतो.

नवा संच लावून सुरात आणल्यावर जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर नेक छान आहे. फट फार मोठी असेल आणि सळईला नट असेल, तर तारा थोड्या ढिल्या करून तो पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि एक रात्र जाऊ द्या. लाकूड सावकाश हलतं. नट अडला तर जोर लावू नका, तिथे थांबा. अडलेला नट जबरदस्तीने फिरवून सळई मोडली तर नेक फाडून काम करावं लागतं, ते कारागिराने केलेलं बरं. मग डोक्याकडून धडाकडे एक डोळा मिटून बघा, तिरंदाज बाणाकडे बघतो तसं. दोन्ही कडा सारख्या दिसल्या तर पिळा नाही. हे मला नक्की लिहून कळवा, कारण पुढचा माझा सगळा सल्ला त्यावर आहे. नेक चांगला निघाला तर ही गिटार सांभाळण्याजोगी आहे, तिला कुठलंही नाव नसलं तरी.

फ्रेटना पहिल्या तीन-चार घरांत खाचा पडल्या असतील. खाच उथळ असेल तर सगळे फ्रेट एका पातळीत घासून पुन्हा गोलाई देतात, नवे घालायची गरज नसते. कारागिराने थेट सगळे फ्रेट बदलायला सांगितले तर घासून भागेल का, हे एकदा विचारा. धडातल्या स्क्रूंचे आटे गेले असतील तर भोकात टणक लाकडाची काडी गोंद लावून बसवा, सुकल्यावर स्क्रू घट्ट बसतो. साफसफाईला किंचित ओला सुती कपडा, आणि चिकट मळ असेल तर लायटरमध्ये घालतात ते नॅप्था कापडावर घेऊन, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब बसून. रोझवूडचा फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं दाबायची लाकडी पट्टी) कोरडा पडला असेल तर त्याला लेमन ऑइलचे दोन थेंब पुरतात.

रंगाला हात लावू नका. जुन्या नामवंत गिटारींच्या बाजारात मूळ रंग काढून पुन्हा रंगवलेली गिटार साधारण निम्म्या भावाची होते, असा व्यापाऱ्यांचा जुना हिशोब आहे. तुमच्या गिटारीला तो हिशोब लागू नसला तरी माझं कारण वेगळं आहे. रंग हे एकच काम असं आहे की ते सुरू केलं की गिटार आठवडेच्या आठवडे वाजती राहत नाही, मध्ये सोडता येत नाही आणि उलटवता तर कधीच येत नाही. डळमळीत दिवसांत नेमकं तेच काम टाळायचं असतं. आणि ज्या ठिकाणी मामांचा उजवा हात घासून घासून लाल रंग उडाला असेल, ती जागा कारागीर दुसऱ्यांदा बनवून देऊ शकणार नाही. पोपडे सुटून पडत असतील तर त्यांच्या कडा तेवढ्या पारदर्शक लॅकरच्या थेंबाने धरून ठेवता येतात.

त्या कारागिराकडे पुन्हा जा आणि एकच अंदाज न मागता सुटे सुटे मागा : फक्त नेक आणि फ्रेट, फक्त वायरिंग, फक्त पिकअप गुंडाळणं. त्यातलं कुठलं काम नंतर उलटवता येणार नाही ते विचारा. काढलेले जुने भाग परत हवेत हे आधीच सांगा आणि सगळं कागदावर घ्या. त्याने मोठा आकडा सांगितला म्हणजे तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही ‘नव्यासारखी करा’ म्हणालात आणि त्याने त्या शब्दांची किंमत सांगितली. ‘वाजती करा’ म्हणून बघा, आकडा वेगळा येईल.

पैसे कुठून काढायचे यात मला फार घोळ घालायचा नाही. नोकरी जाण्याची शक्यता असताना काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं आधी येतं, आणि गिटारीसाठी हप्ता किंवा उधारी अजिबात नको. दर महिन्याला स्वतःच्या चैनीतून जे वाचेल ते एका पाकिटात टाका, पाकीट भरेल तसं पुढचं काम. नोकरीचं बिनसलं तर पाकीट घरखर्चात जाईल, आणि गिटार त्या दिवशी जशी असेल तशी वाजत राहील.

पण पत्नीला आकडा आजच सांगा. त्या ‘नाही’ म्हणतील अशी भीती तुम्हाला वाटतेय, असं पत्रावरून वाटलं. माझा अनुभव असा की घरच्यांचा राग गिटारीवर क्वचितच असतो, तो लपवलेल्या आकड्यावर असतो. सांगताना दोन्ही सांगा : कारागिराचा अंदाज इतका होता, तो मी घेत नाहीये, त्याऐवजी तारा, क्लीनर आणि एक पाकीट एवढंच. पाकिटात दर महिन्याला किती, हे त्यांनाच ठरवू द्या. नोकरीची काळजी त्यांनाही आहे, आणि ती तुम्ही दोघं आत्ता एकेकट्याने करताय.

विकायची वेळ आलीच तर तेही सरळ मनाने करा. घर चालवण्यासाठी गिटार विकणं हा मामांचा अपमान नाही. फक्त वाजती करून, मूळ भागांच्या पाकिटांसकट आणि काय काय केलं याची नोंद देऊन विका. अर्धवट खोललेल्या गिटारीला सुट्या भागांचाच भाव मिळतो. पेटी पुन्हा बंद करण्याचा पर्याय मात्र मला नामंजूर आहे. जुन्या पेटीत, दमट हवेत, गंजक्या तारांखाली गिटार जपली जात नाही, हळूहळू संपते. पेटीला कुबट वास येत असेल तर गिटार तिच्या बाहेर, भिंतीच्या ओलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. स्टँड घेतलात तर त्याच्या रबराला सुती कापड गुंडाळा, काही रबरांनी जुना लॅकर विरघळून डाग पडतात.

तारा लावून झाल्या की त्याच संध्याकाळी मित्राचा ॲम्प घरी आणा आणि आईंना समोर बसवा. दुसरा पिकअप तोवर मुका असला तरी थांबू नका. तुम्हाला वाजवता येत नसेल तर मित्राला सांगा, किंवा नुसत्या सहा मोकळ्या तारा एकेक करून छेडा. मामा कुठली गाणी वाजवायचे, हेही आईंना विचारा. मग मला लिहा : दोन्ही पिकअपचे आकडे, सातव्या फ्रेटपाशी फट किती आहे, सळईला नट आहे की नाही, आणि नेक काढावा लागलाच तर खाचेत किंवा नेकच्या बुडाला एखादा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसते का. त्या काळच्या कामगारांची तशी खूण कधीकधी तिथे सापडते.